मंजुरीपत्राचे शेवटचे पान

प्रकल्प मंजूर झाल्याचे पत्र आले की प्राध्यापक मंडळी आधी रक्कम बघतात. त्यात गैर काहीच नाही. प्रस्ताव लिहिण्यात एक उन्हाळा गेलेला असतो, तज्ज्ञांपुढे सादरीकरण झालेले असते, बहुतेकदा आधीच्या वर्षीचा नकारही पचवलेला असतो. मला मात्र नोकरीने ते पत्र उलटे वाचायची खोड लावली. शेवटचे पान आधी. तिथे बारीक टायपात अटी असतात. पैसे कोणत्या खात्यात येणार, यंत्रासाठीची रक्कम रसायनांवर खर्च करता येणार का, व्याज कोणाचे, प्रकल्प संपल्यावर यंत्र कोणाच्या मालकीचे, आणि पुढचा हप्ता कोणता कागद पोचल्यावर सुटणार. पुढच्या तीन वर्षांत होणारी बहुतेक भांडणे त्या पानावर आधीच लिहून ठेवलेली असतात.

पुण्या-मुंबईपासून लांबच्या एका राज्य विद्यापीठात मी लेखा विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि त्याच विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधला मोठा काळ बाहेरून निधी मिळणाऱ्या संशोधन प्रकल्पांच्या हिशेबात गेला. विद्यापीठ अनुदान आयोग, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर, समाजविज्ञानासाठी आयसीएसएसआर, अणुऊर्जा विभागाचे बीआरएनएस. प्रत्येकाचे नमुने वेगळे, खर्चाची शीर्षे वेगळी. २००८च्या कायद्याने सर्ब, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आले आणि पुढे प्राध्यापकांच्या बोलण्यात त्याचेच नाव जास्त येऊ लागले. आता तेही राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे. नावे बदलत गेली, यूसी तेवढी राहिली. उपयोगिता प्रमाणपत्राला अख्खे विद्यापीठ ‘यूसी’च म्हणते. शिपाईसुद्धा विचारतो, “ताई, यूसी आज जावक करायची का?”

सुरुवातीच्या वर्षांत माझे आणि प्राध्यापकांचे नाते बिलापुरते होते. ते बिल घेऊन यायचे, आम्ही शेरा मारून परत पाठवायचो. ‘तुलनात्मक तक्ता जोडावा.’ तो जोडला की ‘साठा नोंदवहीतील पृष्ठ क्रमांक नमूद करावा.’ तोही झाला की ‘सदर खर्च मंजूर शीर्षात बसत नाही.’ या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एकत्र सांगता आल्या असत्या. पण आमच्या विभागात एका वेळी एकच शेरा मारायची रीत होती. नस्ती आपल्या टेबलावरून हलली की काम झाले, अशी समजूत. माझ्या वरिष्ठांची शिकवण एवढीच की आपल्या सहीवर आक्षेप निघता कामा नये. ते वाईट लोक नव्हते. लेखापरीक्षणात चुकीच्या खर्चावर आक्षेप निघतो, न झालेल्या खर्चावर निघत नाही. एखादे अनुदान वेळेत न वापरल्यामुळे परत गेले तर कोणाच्याही सेवापुस्तकात त्याची नोंद होत नाही. मग अडवणारा माणूस सुरक्षित राहतो आणि मार्ग काढणारा उघडा पडतो. हे एकदा ध्यानात आले की विद्यापीठांतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

माझ्यापुरते चित्र बदलले ते एका बदलीमुळे. तेव्हाच्या कुलगुरूंनी वित्त व लेखा अधिकाऱ्यांना सांगितले की लेखा विभागातला एक माणूस कायमचा संशोधन कक्षात बसवा. कक्ष विज्ञान विभागाच्या तळमजल्यावर, मुख्य इमारतीपासून लांब. कॅन्टीनही लांब. ही बदली शिक्षेची समजली गेली आणि सहकाऱ्यांनी माझी कीवही केली. पण तिथे बसल्यावर बिलांमागच्या वस्तू पहिल्यांदा डोळ्यांना दिसल्या. उणे ऐंशी अंशाचा फ्रीझर म्हणजे काय, वीज गेल्यावर त्याच्याभोवती कशी पळापळ होते, हे पाहिले. एखादी अँटिबॉडी जगात एकच कंपनी बनवते आणि तिच्यासाठी तीन कोटेशने मागणे म्हणजे दोन खोटी कोटेशने तयार करायला लावणे आहे, हेही तिथेच कळले. अशा वस्तूसाठी प्रोप्रायटरी प्रमाणपत्राची तरतूद सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आहेच. आमच्या विभागात ती कोणी वापरत नव्हते, कारण प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याला विषय कळावा लागतो.

जीवशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी परदेशातून एन्झाइमे मागवली होती. ती ड्राय आइसमध्ये येतात. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना अशा आयातीवर सीमाशुल्कात सवलत मिळते. त्यासाठी डीएसआयआरच्या, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाच्या, नोंदणीची साक्षांकित प्रत आणि ‘ही वस्तू संशोधनासाठी आवश्यक आहे’ असे संस्थाप्रमुखांचे प्रमाणपत्र लागते. सरांनी ऑर्डर थेट दिली, आम्हाला कळवले नाही. कळवायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. पार्सल मुंबईला उतरले गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी क्लिअरिंग एजंटचा फोन आला, प्रमाणपत्र हवे. त्यावर सही करणारे कुलसचिव दौऱ्यावर, पुढे शनिवार-रविवार आणि सोमवारी सणाची सुट्टी. मंगळवारी कागद पोचले तेव्हा डब्यात बर्फाचा मागमूस नव्हता. एन्झाइमे दिसायला तशीच होती. सरांनी एक प्रयोग करून पाहिला आणि सगळी टाकून दिली.

त्यानंतर आम्ही साक्षांकित प्रतींचे संच सही करून कक्षातच ठेवायला लागलो. बर्फात येणारा माल आठवड्याच्या पहिल्या दोन दिवसांतच मुंबईला उतरेल असे पुरवठादाराला ऑर्डरमध्येच लिहायला लागलो. कायद्यात, नियमात काही बदलावे लागले नाही. बदलले ते इतकेच की ऑर्डर निघण्यापूर्वी लेखा विभागाच्या माणसाला माहिती होती. माझ्या सगळ्या अनुभवाचा गाभा मला इथे दिसतो. विद्यापीठात हिशेबाचा माणूस फार उशिरा येतो. प्रस्ताव लिहिला जातो, पाठवला जातो, मंजूर होतो, माल येतो, आणि मग बिल घेऊन कोणीतरी त्याच्याकडे जाते. तोवर त्याच्या हातात ‘नाही’ म्हणण्यापलीकडे फारसे काही उरलेले नसते.

याची सगळ्यात मोठी किंमत मी २०२२ साली पाहिली. पदार्थविज्ञानाच्या एका तरुण प्राध्यापकांना एका यंत्रासाठी साधारण वीस लाख मंजूर झाले होते. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर तेव्हा पाच टक्के जीएसटी लागे आणि त्याच हिशेबाने त्यांनी अंदाजपत्रक केले होते. निविदा उघडली वसंतात. तांत्रिक समितीतले एक सदस्य उन्हाळी सुट्टीत गावी गेलेले, त्यांची सही राहिली. खरेदी समितीची बैठक एकदा गणपूर्तीअभावी पुढे गेली. जूनच्या शेवटी चंदीगडला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि ती सवलतच काढून टाकायचे ठरले. १८ जुलैपासून अशा बहुतेक उपकरणांवर अठरा टक्के. आमची खरेदी ऑर्डर त्यानंतर निघाली.

तेरा टक्क्यांचा फरक म्हणजे वीस लाखांवर दोन लाख साठ हजार. त्या वेळी जेआरएफला महिना एकतीस हजार मिळत. म्हणजे एका संशोधक विद्यार्थ्याचे आठ महिन्यांहून जास्त विद्यावेतन नुसते करात. प्राध्यापक माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाले, “मॅडम, यंत्र तेच, कंपनी तीच, खोली तीच. महिनाभरात नक्की काय बदललं?” मी काय सांगणार? अनुदानात यंत्राची रक्कम नॉन-रिकरिंग शीर्षात असते आणि ती ठरलेली असते. रसायनांसाठीचे पैसे तिकडे वळवायचे तर निधी देणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी लागते. पत्र पाठवले. उत्तर यायच्या आत पुरवठादाराच्या दराची मुदत संपली, आणि नव्या दरात मूळ किंमतही वाढली होती. शेवटी यंत्र घेतले, पण कमी तापमानाला मोजमाप करण्याची जोडणी वगळून. त्यांच्या प्रस्तावाचा अर्धा भाग नेमका त्या मोजमापांवर उभा होता. मग ते नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जायचे, मिळेल त्या वेळेत मापे घ्यायचे. शोधनिबंध झाला. त्यासाठी केलेल्या प्रवासाची बिले माझ्याकडेच आली आणि ती मी डोळे मिटून नव्हे, पण एका बैठकीत पास केली.

ज्यांची सही राहिली त्या सदस्यांना कोणी बोलले नाही. बोलणार काय? ते रजेवर होते, रजा मंजूर होती. तारखेमागून तारीख गेली आणि प्रत्येक तारखेला कोणी ना कोणी नियमानेच वागत होते. डॉलरचेही असेच. २०१३च्या मे महिन्यात डॉलर पंचावन्नच्या आसपास होता, ऑगस्ट संपता संपता अडुसष्ट ओलांडून गेला. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या आयातीच्या नस्त्या आमच्याकडे पडून होत्या, त्यांच्या चेहऱ्यांवर मी रोज विनिमय दर वाचायची.

या अनुभवांनंतर संशोधन संचालकांनी माझे म्हणणे उचलून धरले आणि प्रस्ताव पाठवण्याआधीची बैठक सुरू झाली. बैठक म्हणजे काय, प्राध्यापक, मी आणि एक चहा. विज्ञानातले मला कळत नाही, मी ते विचारायचीही नाही. मी विचारायची: कोटेशन कधीचे आहे? त्यात विमा, क्लिअरिंग, मुंबईपासूनचे भाडे धरले आहे का? यंत्राला यूपीएस लागेल, तो कुठल्या शीर्षात टाकला? खोलीत थ्री फेज वीज आहे का? (एकदा यंत्र येऊन खोकी फुटली नाहीत असे कित्येक महिने गेले, कारण खोलीत वीजभार नव्हता आणि स्थापत्य विभागाचे अंदाजपत्रक पुढच्या वर्षीचे होते.) वॉरंटी संपल्यावर देखभालीचे पैसे कोण देणार? सुरुवातीला काहींना हा जाच वाटला. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “मी प्रस्ताव लिहितोय की घराचं कर्ज काढतोय?” पुढच्या वर्षी तेच आपल्या विद्यार्थ्याला घेऊन आले.

समाजशास्त्र आणि मराठीच्या लोकांची दुखणी निराळी. त्यांना यंत्र नको असते, त्यांना खेड्यात जायचे असते. माणदेशातल्या धनगरवाड्यांवर सर्वेक्षण करणाऱ्या एका बाईंच्या प्रकल्पावर लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला की चहापानाची बिले जोडलेली नाहीत. टपरीवाला छापील पावती देईल अशी त्यांची अपेक्षा होती की काय, कळायला मार्ग नाही. त्या ज्या म्हाताऱ्या बायकांकडून गाणी आणि हकिकती टिपून घेत, त्यांना थोडे मानधन देत. पाच हजारांपुढच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लागतो. इथे मानधन पाचशे-सातशे, तरी आमचा एक लिपिक प्रत्येक पावतीवर स्टँप मागत होता, कारण पूर्वी तशी पद्धत होती. त्यातच नोटाबंदीचा नोव्हेंबर २०१६ आला. गावात बँक नाही, हातात जुन्या नोटा, आणि प्रकल्पाच्या आगाऊ रकमेचे समायोजन मार्चपूर्वी करायचे. बाईंनी त्या महिन्यांत स्वतःच्या बचतीतून मानधन दिले आणि ते पैसे परत मिळायला पुढचा पावसाळा उजाडला.

शेवटी आम्ही एक साधे व्हाउचर छापले. गाव, तारीख, कोणाला किती, कशासाठी, सही किंवा अंगठा, आणि खाली प्रमुख संशोधकाचे प्रमाणपत्र. वरची मर्यादा ठरवून वित्त अधिकाऱ्यांची आगाऊ मान्यता घेतली. लेखापरीक्षकांनी ते निमूटपणे स्वीकारले. आगाऊ ठरवलेली ढिलाईसुद्धा हिशेबाच्या दृष्टीने शिस्तच असते, हे मला तोवर कोणी शिकवले नव्हते. विज्ञानवाल्यांच्या यंत्रावर एवढी डोकेफोड करणाऱ्या विद्यापीठाने या छोट्या प्रकल्पांकडे अगदीच दुर्लक्ष केले, असे माझे मत आहे. त्यांची रक्कम लहान म्हणून त्यांच्या नस्तीवर सगळ्यात नवखा माणूस. खरे तर तिथेच अनुभवी माणूस हवा, कारण तिथल्या खर्चाला छापील नमुने नसतात.

पैसे येण्याची रीतही माझ्या डोळ्यांदेखत पार बदलली. आधी डिमांड ड्राफ्ट यायचा, तो भरला की वर्षभर खात्यावर रक्कम असायची, तिच्यावर व्याज मिळायचे. मग पीएफएमएस ही केंद्राची प्रणाली आली, प्रत्येक खर्चाची नोंद संगणकावर. २०१७च्या वित्तीय नियमांनी अनुदानावरचे व्याज केंद्राच्या संचित निधीत परत भरणे बंधनकारक केले. आणि २०२२पासून शून्य शिलकीची खाती आली. आता पैसे विद्यापीठाकडे येतच नाहीत. येते ती खर्चाची मर्यादा. बिल तयार झाले की तेवढीच रक्कम वरून सुटते, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा पुसली जाते.

प्राध्यापकांना ही व्यवस्था मुळीच आवडत नाही. हिशेबाचा माणूस म्हणून मला तिच्यामागचे कारण पटते. देशभरातल्या हजारो बँक खात्यांत सरकारचे पैसे पडून राहणार आणि तेच सरकार बाजारातून व्याजाने कर्ज काढणार, यात शहाणपणा नव्हता. पण ज्याने ही रचना आखली त्याच्या डोळ्यांपुढे रस्ते-पाण्याच्या योजना असाव्यात. रस्त्याचे काम एप्रिलमध्ये थांबले तर जूनमध्ये सुरू करता येते. प्रयोगशाळेत उंदीर असतात, पेशी असतात, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला खोलीचे भाडे द्यायचे असलेली मुले असतात.

मार्चअखेर मर्यादा संपली आणि नव्या वर्षाचा आदेश जूनपर्यंत आलाच नाही, असे होऊ लागले. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेली जेआरएफ माझ्या टेबलाशी आली. तक्रार करायला नव्हे, तिला एक दाखला हवा होता, ‘विद्यावेतन प्रलंबित आहे’ असा, घरमालकाला दाखवायला. मी तो टाइप करून दिला आणि सही-शिक्क्यासाठी पुढे पाठवताना मला कसेतरीच वाटले. विद्यापीठाच्या शिक्क्याचा हा उपयोग असतो का? प्रकल्पाच्या कागदावर ती सगळ्यात खालच्या ओळीत असते, आणि वरच्या सगळ्या ओळींमधला उशीर शेवटी तिच्याच खिशातून वसूल होतो. प्राध्यापकाचा पगार थांबत नाही, माझा थांबत नाही, पुरवठादार तर उशिराचे व्याज मागू शकतो. तिचे तेवढे थांबते.

ओव्हरहेड नावाची एक रक्कम प्रत्येक प्रकल्पाबरोबर विद्यापीठाला मिळते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या नियमांत एक कोटीपर्यंतच्या प्रकल्पाला शैक्षणिक संस्थांसाठी ती दहा टक्के असे. जागा, वीज, कार्यालयीन मदत यांच्यापोटी. आमच्याकडे ती सर्वसाधारण निधीत जमा व्हायची आणि तिथून पुढे तिचे काय व्हायचे ते मी सांगत बसत नाही. बागेतल्या कारंज्याची दुरुस्ती एकदा तिच्यातूनच झाली. मी टिपणी ठेवली की या रकमेतून एक फिरता निधी करावा. मंजुरी आदेश चालू मुदतीत असेल, प्रमुख संशोधकाने हमी दिली असेल, तर विद्यावेतन जास्तीत जास्त तीन महिने या निधीतून द्यावे आणि वरून पैसे सुटताच ते निधीत परत घ्यावे.

त्या टिपणीवर जेवढे शेरे पडले तेवढे माझ्या अख्ख्या नोकरीत कशावर पडले नसतील. ‘दिल्लीच्या योजनेला विद्यापीठाचा पैसा का?’ ‘वसुली न झाल्यास जबाबदारी कोणाची?’ ‘अशी प्रथा अन्य विद्यापीठांत आहे काय?’ हा शेवटचा शेरा आमच्याकडे रामबाण समजला जातो. व्यवस्थापन परिषदेत एका सदस्याने, ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते, सरळ विचारले की ओव्हरहेडची रक्कम दिल्लीच्याच योजनेतून आली ना? मग प्रश्न कसला? ठराव मंजूर झाला. निधीतून दिलेली बहुतेक रक्कम परत आली. एक प्रकल्प मध्येच बंद पडला, त्याचे पैसे बुडाले, आणि पुढची दोन वर्षे मला त्या एका रकमेबद्दल विचारणा होत राहिली. परत आलेल्या रकमांबद्दल कोणी विचारले नाही.

२०२३च्या जूनमध्ये विद्यावेतन एकतीस हजारांवरून सदतीस हजारांवर गेल्याचा आदेश आला, तोही १ जानेवारीपासून लागू. सगळीकडे आनंद. पण प्रकल्प जुन्या दराने मंजूर झालेले. प्रत्येक मुलामागे सहा महिन्यांचा छत्तीस हजारांचा फरक, वर घरभाडे भत्त्यातला फरक, आणि शीर्षात पैसे नाहीत. त्या वेळी फिरता निधी नसता तर आमच्या मुलांनी वाढीची बातमी फक्त वर्तमानपत्रात वाचली असती.

प्राध्यापकांची बाजू एवढी घेतल्यावर त्यांच्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. अनुदान मिळाले की काहींना ते स्वतःचे पैसे वाटू लागतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह आणि टोनरची बिले गठ्ठ्याने येतात. रसायनांच्या शीर्षातून प्रिंटर घ्यायचा आणि त्याला ‘उपभोग्य वस्तू’ म्हणायचे, हाही प्रकार होतो. प्रकल्प संपल्यावर यंत्राच्या खोलीला कुलूप आणि किल्ली सरांच्या खिशात. शेजारचा विभाग तेच यंत्र मागत नवा प्रस्ताव लिहितो. यंत्रे इतरांना वापरता यावीत म्हणून आय-स्टेम नावाचे राष्ट्रीय पोर्टल २०२० साली सुरू झाले. त्यावर आमच्या यंत्रांची नोंद करायला सांगितले तेव्हा काही विभागांनी यंत्र ‘नादुरुस्त’ असल्याचे कळवले. ती खरोखर नादुरुस्त आहेत का, हे बघायला गेल्यावर दोन ठिकाणी ती सुरू होती.

आणि प्रकल्प बंद करणे. शोधनिबंध छापून आला, विद्यार्थी डॉक्टर होऊन परदेशी गेला, की प्राध्यापकांच्या लेखी प्रकल्प संपतो. माझ्या लेखी तो तेव्हा सुरू होतो. अंतिम खर्चाचे विवरणपत्र, सनदी लेखापालाची सही, यंत्रांची यादी, व्याज भरल्याची भारतकोशची पावती. एका प्रकल्पाची नस्ती काही रुपयांच्या व्याजापायी वर्षानुवर्षे उघडी होती. रक्कम एवढी लहान की ती भरायला कोण जाणार, यावर पत्रव्यवहार चालला होता. तोवर प्रमुख संशोधक निवृत्त झाले, आणि त्याच विभागातल्या एका नव्या मुलीला तिच्या प्रकल्पाच्या पहिल्या हप्त्यासाठी ‘जुन्या यूसी प्रलंबित’ हे उत्तर मिळाले. शेवटी आमच्या शिपायाने, विठ्ठलभक्त माणूस, स्वतःच्या खिशातून ते पैसे द्यायची तयारी दाखवली. तसे करता येत नाही, हे त्याला समजावण्यात माझी अर्धी सकाळ गेली.

निवृत्तीनंतरही फोन येतात. २०२५च्या जूनमध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीची मर्यादा वाढवली, कोटेशनाशिवाय एक लाखापर्यंत घेता येत होते ते दोन लाखांपर्यंत केले. तेव्हा एका प्राध्यापकांनी बातमीचे कात्रण पाठवून विचारले, “मॅडम, आता आपल्याला लगेच घेता येईल ना?” मी विचारले, विद्यापीठाच्या स्वतःच्या खरेदी नियमावलीत तो आकडा बदलला का? तो ठराव कोणी ठेवायचा, यावर अजून नस्ती फिरते आहे.

संशोधन प्रतिष्ठानाच्या नव्या ‘पेअर’ योजनेत एक नामांकित संस्था मध्यभागी आणि तिच्याशी जोडलेली राज्य विद्यापीठे, अशी रचना आहे. कल्पना मला चांगली वाटते. आमच्यासारख्या विद्यापीठांना चांगल्या प्रयोगशाळांचा आधार मिळेल. पण एका प्रकल्पाचे पैसे आता कित्येक संस्थांच्या लेखा विभागांतून फिरणार आणि यूसीही तितक्याच ठिकाणांहून गोळा होणार. अशाच एका संयुक्त प्रस्तावाच्या तयारीसाठी विद्यापीठात बैठक झाली, तिला अनुभवी म्हणून मलाही बोलावले होते. चर्चा उत्तम झाली. कोणती यंत्रे, कोणते विषय, किती विद्यार्थी. चहाच्या वेळी मी विचारले की लेखा विभागातून कोण आले आहे. संयोजकांनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, “मंजूर होऊ दे की आधी. मग त्यांना कळवूच.”